आक्कांच्या आडाचा नमुना

पाण्याकडे पाणी म्हणून न बघणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नेमका तो माझा थोरला साडू निघाला. बेळगावातल्या एका प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडांना शाळेत सोडतात, भजनी मंडळात बसतात. हे बाटल्या घेऊन विहिरी आणि ओढे धुंडाळत सुटले. म्हणे फ्लोरिनची काही रसायनं असतात, ती पाणी चिकटू देत नाहीत, तेल चिकटू देत नाहीत, डाग पडू देत नाहीत. पण एकदा माती-पाण्यात गेली की कुजत नाहीत, विरत नाहीत, काही म्हणता काही होत नाही. ती कुठं किती आहेत ते मोजायचं, आणि त्यासाठी नमुने आणून द्यायचे हे यांचं काम. मी विचारलं, "अण्णा, दिसतात का ती?" म्हणाले, "न्हाईत." "वास?" "न्हाई." "चव?" "अजिबात न्हाई." "मग हाईत हे कशावरनं?" यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं चहा मागवला. चहा कागदी कपातनं आला. कागद भिजू नये म्हणून आतनं काय लावलंय याचा त्यांना संशय आला, तेव्हा चहा गटारीत ओतून ते कप खिशात घालून निघून गेले.

माझं निपाणीत भांड्यांचं दुकान आहे, हे माझं दुर्दैव. नॉनस्टिक तव्यांच्या मांडणीसमोर साडू येऊन उभे राहिले की फौजदार झडती घ्यायला आल्यासारखं वाटतं. एकदा एक बाई तवा उलटसुलट करून बघत होत्या. हे शेजारी जाऊन हळूच म्हणाले, "बाई, ह्याला डोसा चिकटत न्हाई खरं, पण चरा पडला की आतलं कुठं जातंय ते विचारलंय का दुकानदाराला?" बाईंनी दुकानदाराला, म्हणजे मला, विचारलं. मला काय ठाऊक कपाळ! बाई बिडाचा तवा घेऊन गेल्या. मी चिडून म्हटलं, "अण्णा, माझं दुकान बंद पाडायला आलाय काय?" तर म्हणाले, "मी बंद कर म्हणालो न्हाई. मी फक्त मोजतोय." भांडायला गेलं की हे असं अंगावर काहीच घेत नाहीत.

नमुना घ्यायचा दिवस म्हणजे त्यांच्या घरी सुतकच. डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही, नवा कपडा नाही. शंभरदा धुतलेला, कोपरावर विरलेला सुती सदरा. रेनकोट तर वर्ज्यच, कारण त्यालाही तेच औषध मारलेलं असतं म्हणे. बेळगुंदीला भर पावसात ते तासभर भिजत उभे होते. गावातल्या एका म्हातारीनं दया येऊन त्यांना भाकरी देऊ केली. माझी मेहुणी कपाळावर हात मारून म्हणते, "लोकांस्नी वाटतंय, माझ्या नवऱ्याला घालायला कापडं न्हाईत." आणि सगळ्यात कहर म्हणजे ती दुसरी बाटली. हिंडलग्याच्या ओढ्यावर मी स्वतः पाहिलं. साडूंनी पिशवीतनं प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी काढलं, ओढ्याकाठी उघडलं, रिकाम्या बाटलीत ओतलं, झाकण लावलं आणि परत पिशवीत ठेवलं. मी म्हटलं, "बेळगावचं पाणी इथं हवा खायला आणलंत काय?" ते म्हणाले, "ह्या पाण्यात काय सापडलं, तर दोष वाऱ्याचा, बाटलीचा, न्हाईतर माझ्या हाताचा. ओढ्यावर उगाच आळ घ्यायचा न्हाई." मला हे कळलं पण पटलं नाही, की पटलं पण कळलं नाही, हे आजही सांगता येत नाही.

आमची सासुरवाडी बोरगावची, जैनांचं घर. सासूबाईंना आम्ही सगळे आक्काच म्हणतो. आक्कांचा नेम कडक. प्यायचं पाणी आडाचं, तेही फडक्यातनं गाळून. मग फडक्यावर राहिलेली जिवाणी, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, त्याच आडात अलगद परत सोडायचे. नळाचं आणि बोअरचं पाणी त्यांना चालत नाही, कारण ते जीव परत सोडायचे कुठं? तर साडूंनी एकदा मळ्यातल्या विहिरीचा नमुना घेतला आणि परसातल्या आडाचाही घ्यायचं ठरवलं. बाटली कट्ट्यावर ठेवून ते हात धुवायला गेले, तेवढ्यात आक्कांनी मायेनं ती भरून, झाकण लावून तयार ठेवली. सगळ्या जगाला टोकणारा हा माणूस; पण सासूनं भरलेली बाटली तिच्यासमोर ओतून कशी टाकणार? भिडेपोटी तशीच घेऊन गेले.

काही आठवड्यांनी ते दुकानात आले. तव्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "पाव्हणं, मळ्यातली विहीर चोख हाय. पण आडात लई जास्त आलंय. आक्कांना तुम्ही सांगा." मी म्हटलं, "मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!" शेवटी दोघंही आपापल्या बायकांना घेऊन गेलो. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे हे पाणी प्यायचं न्हाई?" "सध्या नको, आक्का." "बरं. दुसरं मला चालत न्हाई. ऱ्हाऊ दे मग." आणि हातातला तांब्या खाली ठेवला. सकाळचे आठ वाजले होते. दुपार झाली तरी घोट नाही, आणि दिवस मावळल्यावर तर त्या पाणी घेतच नाहीत. आमच्या बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मधनंमधनं त्या आम्हां दोघांकडे बघत होत्या. त्या बघण्यानं माझं तर पाणीपाणी झालं.

साडू आडाच्या कट्ट्यावर वही उघडून बसले होते. शुद्ध पाण्याची ती दुसरी बाटली स्वच्छ आली होती, म्हणजे वाऱ्याचा दोष नाही. एकाएकी ते उठले. "आक्का, त्या दिवशी बाटली कशी भरली?" "कशी म्हंजे? गाळून! बिनगाळलेलं पाणी पाव्हण्याला देऊ व्हय?" "कशातनं?" आक्कांनी पांढरंशुभ्र फडकं आणलं. ते मी बघताक्षणी ओळखलं. डाग न पडणारा टेबलक्लॉथ म्हणून एका व्यापाऱ्यानं मला भेट दिलेला, मीच मोठ्या कौतुकानं आक्कांना दिला होता. आक्का सांगत होत्या, "पयल्यांदा पाणी खाली उतरंनाच, वरच नाचायचं. सोडा घालून चारदा उकळलं, तवा कुठं वळणावर आलं." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता मला खाऊन टाकतील असं वाटलं. पण साडू एवढंच म्हणाले, "नमुना परत घ्यायला पाहिजे. ह्या खेपेला बिनगाळलेला." आक्का ताडकन म्हणाल्या, "न्हाई. त्यातले जीव बाटलीत कोंडून बेळगावला न्यायचे? माझ्या घरातनं?" दोन नेमाची माणसं समोरासमोर उभी, आणि मी मधे खुळ्यासारखा. मग साडूंनी जुनं फडकं मागितलं, आमच्या सासऱ्यांच्या धोतराचं, वर्षानुवर्षं धुऊन साय झालेलं. आधी आपलं शुद्ध पाणी त्यातनं गाळून एका बाटलीत घेतलं, म्हणजे फडक्याचा काही दोष असेल तर कळेल. मग आडाचं गाळून दुसऱ्या बाटलीत. आणि जिवाणी स्वतःच्या हातानं आडात सोडली. आक्का मागनं सांगत होत्या, "हळू. वरनं ओतू नका, पाण्याला टेकू दे बादली." मग ते फडकं खांद्यावर टाकून साडू मळ्याकडे निघाले. दिवस मावळायच्या आत त्यांनी तिथल्या विहिरीचं पाणी गाळून, तिथली जिवाणी तिथंच सोडून, भरलेली घागर खांद्यावरनं आणली. आक्का पाणी प्यायल्या आणि घरात सगळ्यांना रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी मी बाटल्या बेळगावला पोचवल्या. साडू बोरगावातच राहिले आणि निकाल येईपर्यंत रोज ती घागर वाहत राहिले. त्या दिवसांत मला त्यांचा एवढा लळा लागला की काय सांगू.

निकाल आला. फडकं निर्दोष. आडातलं प्रमाण बरंच कमी भरलं, पण शून्य नाही. साडू म्हणाले, "आक्का, पिण्याजोगं हाय. पण जरा हाय."

"जरा म्हंजे? अजून दोन पदर करून गाळलं तर जाईल?"

"न्हाई जात."

"उकळून?"

"न्हाई."

"मग माझ्या आडात आलं कुठनं ते? कुणी टाकलं?"

साडूंनी हातातली वही मिटली. म्हणाले, "कळंना, आक्का." त्यांच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. आक्कांनी आडाचं पाणी शेंदलं, गाळलं, पहिला पेला त्यांना दिला, आणि ते तो एका दमात प्यायले. मग आक्कांनी आपला पेला उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"जीव असतील तर परत आडात सोडता येतात," त्या म्हणाल्या, "हे कुठं सोडायचं, पाव्हणं?"

साडू रिकामा पेला घेऊन आडापाशी जाऊन बसले. मीही त्यांच्या शेजारी कट्ट्यावर जाऊन बसलो.