पाहुण्यांपुरते पत्रे

मुलगी नववीत असताना शाळेकडून कबड्डी खेळायला परतूरला गेली, तेव्हा मीही गेले. मैदानावर पत्र्याचं छत फक्त पाहुण्यांच्या ओट्यावर होतं. पाहुण्यांत माझे थोरले दीर होते. आमच्यात थोरल्या दिरांसमोर बाई बोलत नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

डाव रंगात असताना पाऊस आला आणि विजा कडाडू लागल्या. पोरी पळत कडेच्या कडुलिंबाखाली गेल्या. आमच्या शिवारात अशाच झाडाखाली वीज पडून बैल मेला होता. माझी मुलगी खोडाला टेकून उभी होती. मी हाका मारल्या, पण पावसात माझा आवाज पोचेना.

शेजारच्या बाईला म्हणाले, "पोरींना ओट्यावर घ्या म्हणावं कुणीतरी."

"मंग तुमीच सांगा की. दीर हायेत तुमचे, वाघ न्हाई!"

तेवढ्यात पुन्हा वीज चमकली. मी पदर पुढे ओढला आणि ओट्यापाशी गेले. मान खाली घालूनच बोलले, "दादा, पोरी झाडाखाली हायेत. वर घ्या त्यांना."

दीर उठून ओरडले, "पोरींनो, जल्दी इकडं या! अहो, खुर्च्या सरकवा!"

पोरी चिखलासकट वर चढल्या. वीज त्या झाडावर पडली नाही. तरी मुलगी खेळायला निघाली की मी अजून विचारते, तिथं छत केवढं आहे? घरचे हसतात, म्हणतात खेळ उघड्यावरच होतो. होऊ द्या. पण सगळ्या पोरी मावतील एवढे पत्रे कडेला हवेतच.