मनालीतला ठिबकणारा नळ

मंडळी, सकाळपासून जीव टांगणीला लागलाय.

आमचा मुलगा नोकरीला मनालीत असतो. काल संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना दिसला. आम्ही शिवाजी पेठेतली माणसं, आम्हाला ते खपतंय व्हय? सूनबाईला म्हटलं, "बंद कर की तो."

आज सकाळी तिचा फोन आला. "मामा, पाईप गोठला. हितं थंडीत नळ ठिबकताच ठेवत्यात."

"मग बंद का केलास, बाई?"

"तुम्हीच सांगितलासा की. तुमचा शब्द मोडायचा कसा?"

मुलगा कामावर गेलाय. ती लेकराला घेऊन एकटीच पाईपवर गरम फडकी गुंडाळतीय. भिंतीतला पाईप तडकला असेल, तर बर्फ वितळताच घरभर पाणी होईल.

थंड मुलखातल्या कुणीतरी लवकर सांगा, तिला मेन कॉक बंद करायला सांगू का? आता मला काही सांगायचीच भीती वाटतीय.