गॉर्जमधून गाडी मी चालवली!

मंडळी, आम्ही आत्ताच इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला घरी पोचलोय आणि हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मागच्या वर्षी मोटरवेवर माझ्या गाडीला मागून धडक बसली. तेव्हापासून मी स्टिअरिंगला हातच लावला नव्हता.

आज माझा नवरा निखिल मला आणि नागपूरहून आलेल्या सासूबाईंना चेडर गॉर्ज ही खोल घळ दाखवायला घेऊन गेला. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधून वळणावळणाचा रस्ता. गॉर्ज ओलांडून पुढे एका द्राक्षमळ्यात जेवलो. तिथेच निखिलला पापणीवर गांधीलमाशी चावली. बघता बघता डोळा सुजून बंद झाला.

"हॉस्पिटल गॉर्जच्या पलीकडे आहे. चालवशील?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडून किल्ली घेतली. सासूबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "सावकाश चल गं. मागचे गाडीवाले थांबतील."

खरंच थांबले. प्रत्येक वळणावर जीव वर-खाली होत होता, पण मी गाडी थांबवली नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याला काही झालेलं नाही, सूज गोळ्यांनी उतरेल. ते ऐकून मी वेटिंग रूममध्ये चक्क रडले.

"आई, तुम्हाला माझ्या ड्रायव्हिंगची भीती नाही वाटली?"

"वाटली की! अख्खा रस्ता डोळे मिटून बसले होते मी."

तिघंही पोट धरून हसलो. घरापर्यंतही मीच चालवली.

तुमच्यापैकी कोणी असं घाबरून ड्रायव्हिंग सोडलंय का? पुन्हा सुरुवात कशी केलीत?