डेलबर्टचे जुने कॅलिपर

रूडी कांगास गाडीखाली आणि त्याची बायको मार्लीस गाडीत, असा गॅरेजमध्येच त्यांचा संसार झाला. ब्रेकमधली हवा काढायची तर माणसं दोन लागतात. एक पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाशी बसून कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक आवळणाऱ्या चिमट्याचा, हवा सोडायचा निपल उघडतो. रूडी खालून म्हणायचा, "मार, मार, धर." ती धरायची. पेडल दगडासारखं लागलं की तीच सांगायची, झालं. दोघांमधलं बरंचसं बोलणं एवढंच होतं.

म्हणून डेलबर्ट हिल्तुनेनचा पिकअप चर्चच्या पायऱ्या चढून दारात घुसला आणि 'ब्रेक रूडीने बसवले होते' असं तो सगळ्यांसमोर म्हणाला, तेव्हा खोट कुठेतरी दुसरीकडे आहे हे मार्लीसच्या पायाला ठाऊक होतं. त्या गाडीचं पेडल तिनेच दाबून पाहिलं होतं. पण पायाची साक्ष कोण काढतो? मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला दुसरं गॅरेज लांब, तरी लोक तिकडे जाऊ लागले. रूडी लाकडाच्या गिरणीत लागला आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिथेच, फळ्यांच्या थप्पीला टेकून, बसल्या बसल्या गेला. दफनानंतरच्या कॉफीला डेलबर्टने वेलचीचा पाव आणला होता. मार्लीसने तो कोंबड्यांना घातला.

मग तिने गॅरेज स्वतः उघडलं. लोक हळूहळू परतले. 'बिचारा रूडी, शेवटी हात चालेना त्याचा,' असं म्हणत टायर बदलून जाऊ लागले. त्या 'बिचारा'ला ती कॉफी ओतून द्यायची, आणि तो शब्द मनात ठेवून द्यायची.

यंदा हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या तोंडावर डेलबर्टच्या नव्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. चर्चला धडकल्यापासून ताडपत्रीखाली पडलेला जुना पिकअप त्याने ट्रेलरवर घालून आणला.

"चाकं जाम झालीत. पुढचे कॅलिपर, पॅड, सगळं बदल. तिकडच्या गॅरेजला मोसम संपेपर्यंत वेळ नाही."

"ब्रेक? आणि माझ्याकडे?"

"जुनं कशाला उगाळतेस, मार्लीस. रूडी वाईट नव्हता. चूक कोणाच्याही हातून होते."

"होते," ती म्हणाली आणि जॅक लावला.

चाक निघालं. कॅलिपरवर गंज, आणि गंजाखाली लाल रंग. रूडीने कधी लाल रंग लावला नव्हता. ड्रायव्हरच्या बाजूच्या कॅलिपरवर तो आपल्या होडीच्या रंगाचा एक निळा ठिपका द्यायचा, बस. ड्रायव्हरच्याच बाजूला तिने खरवडून पाहिलं. ठिपका नव्हता. ती वळसा घालून पलीकडे गेली, तिथला लाल रंग नखाने काढला. खाली निळा ठिपका होता. मग तिने निपल पाहिले. दोन्ही बाजूंचे खाली तोंड करून बसले होते. हवा वर चढते, म्हणून निपल वर असावा लागतो. खाली असला तर कितीही पेडल मारा, हवा आत कोंडून राहते. इथे हे सगळ्यांना कळतं. डावा कॅलिपर उजवीकडे बसवला की असं होतं.

सौनाच्या वाफेतून निघून थेट तळ्यात उतरावं तसं तिचं डोकं थंड आणि लख्ख झालं. नवे कॅलिपर बसवले, नवे पॅड, खिळींना ग्रीस. एकही बोल्ट तिने हलक्या हाताने आवळला नाही.

"बस आत," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरं माणूस नाही. पेडल तू धर."

डेलबर्ट बसला.

"मार. मार. धर." तिने निपल उघडला. पेडल खाली गेलं. "दाबूनच ठेव. रूडीनंतर हे कोणी काढले होते?"

"कोणी नाही."

"लाल रंग कोणाचा?"

त्याचा पाय उचलला गेला. निपलला लावलेल्या नळीत बुडबुडा उलटा पळाला.

"हवा शिरली," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून. मार. मार. धर."

"रंगवायला काढले होते. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी. चाकातून दिसतात म्हणून."

"बसवले कोणी?"

"मीच."

"पेडल मऊ लागलं नाही?"

वर सीट करकरली.

"लागलं. म्हटलं, चालवता चालवता बसेल."

"धर."

"पाय भरून आलाय, मार्लीस."

"धर."

शेवटी तिने स्वतः आत बसून पेडल दाबलं. दगड. झालं, असं सांगायला खाली कोणी नव्हतं.

"जुने कॅलिपर दुकानात परत दे," डेलबर्ट म्हणाला. "तेवढेच पैसे सुटतील."

"राहू देत."

शेगडीच्या वर, कॉफीच्या भांड्याशी, जिथे मोसमाआधी टायर बदलायला आलेलं सगळं गाव उभं राहतं, तिथे तिने दोन खिळे ठोकले. दोन्ही कॅलिपर जसे होते तसेच टांगले, निपल खाली, निळा ठिपका उघडा. खाली खडूने लिहिलं : डेलबर्टची गाडी, चर्चला धडकली तेव्हाचे.

"किती दिवस ठेवणार आहेस?"

"तू आहेस तोवर. ब्रेक चांगले झालेत, डेलबर्ट. पुष्कळ वर्षं टिकतील. तूही टिक."

डेलबर्टने गाडी बाहेर काढली. तेवढ्यात म्हातारा वेनो नीमी बर्फाचे टायर घेऊन आत आला. कप भरला, भिंतीकडे पाहिलं, मान वाकडी केली.

"हे उलटे का टांगलेस?"

"असेच होते."

वेनोने कप खाली ठेवला. वाचलं. मग वळून खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर डेलबर्ट गाडीत नुसता बसून होता, आणि पेडल पुन्हा पुन्हा दाबत होता. मागचे लाल दिवे लागत होते, विझत होते.