चुलीवरचं कुंकू

आमच्या घरी माझ्या नोकरीची चेष्टा ठरलेली. मल्लेश्वरमच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की सासूबाई सांगायच्या, "आमची सून मोठ्या सरकारी लॅबात आहे. चूल पेटवते." ऐकणारा हसायचा आणि मी चिडायची. पण खोटं काय होतं त्यात? ऊर्जेवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत मी तंत्रज्ञ. सकाळी लाकडाचे तुकडे तोलायचे, चूल पेटवायची, वर पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि पाणी उकळेपर्यंत तापमान, धूर, उरलेला कोळसा सगळं तक्त्यात भरायचं. तीन वर्षं मी पाणी उकळलं. तेवढ्या पाण्यात एखादं अख्खं वऱ्हाड न्हालं असतं.

चूल मात्र गुणाची होती. गुडघ्याएवढी उंच, स्टीलची, पोटात छोटा पंखा, आणि त्याची बॅटरी छपरावरच्या सोलर पॅनेलवर भरायची. लाकूड कमी खायची, धूर तर जवळजवळ नाहीच. रचना आमच्या सरांची, पण तिचे रुसवेफुगवे मला ठाऊक. ओलं लाकूड घातलं की ती कशी गुरगुरते, हे त्यांच्या कुठल्याच आलेखात नव्हतं. ही चूल कुणाच्या तरी घरी रोज पेटावी, एवढंच मला हवं होतं. म्हणून आनेकलजवळच्या एका गावात घरोघरी ती वापरून बघायला दिली, तेव्हा मुलगी सासरी पाठवल्यासारखं मला झालं.

महिन्याभरानं आमचे विद्यार्थी घरोघरून अभिप्रायाचे अर्ज भरून घेऊन आले, फोटोही काढून आणले. बाहेरून तपासायला आलेल्या लोकांची बैठक भरली. त्यांची पसंती मिळाली की होसकोट्याच्या एका कारखान्यात ही चूल शेकड्यांनी बनणार होती. सगळ्या अर्जांवर एकच उत्तर होतं, छान आहे. पडद्यावर फोटो आले, एकाहून एक लखलखीत चुली, बाजूला हळदीकुंकवाची बोटं. सर खुशीत म्हणाले, "बघा, महिनाभर वापरून काजळीचा डाग नाही!"

मी मागच्या रांगेत बसले होते. तंत्रज्ञांनी बैठकीत बोलायची आमच्याकडे रीत नाही, पाण्याच्या बाटल्या मांडायची आहे. पण एका फोटोत कुंकवाचं बोट चुलीच्या तोंडाशीच होतं, जिथून ज्वाळा निघते तिथं, आणि ते ओल्यासारखं ताजं दिसत होतं. वरचं कडं चांदीसारखं पांढरं. ते कडं पहिल्याच विस्तवानं निळं पडतं, मग काही केल्या घासून जात नाही. हे माझ्याइतकं कोण जाणणार?

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची ते खरंच आहे. मी उठले आणि म्हटलं, "सर, ही चूल एकदाही पेटलेली नाही. बायकांनी तिची पूजा केली आहे."

सरांचा चेहरा उतरला आणि मला वाटलं, झालं, आता नोकरी गेली. पण त्यांनी पडद्याजवळ जाऊन तो फोटो नीट पाहिला आणि पाहुण्यांना म्हणाले, "निर्णय थांबवा. उद्या आम्ही जाऊन येतो." त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

फोटोतल्याच घरी गेलो. घरधनीण माझ्याच वयाची. आधी खूप लाजली. "एवढ्या लांबून आणून दिलीत, वाईट कसं म्हणू, अक्का? पण हिच्यावर मुद्दे कसे घोटायचे?"

मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचे गोळे, इथलं रोजचं जेवण. उकळत्या पाण्यात पीठ टाकायचं, बेचक्याच्या काठीनं भांडं दाबून धरायचं आणि जाड दांड्यानं सगळा जोर लावून घोटायचं. "एकदा घोटून दाखवता?" मी म्हटलं. तिनं अंगणात आमची चूल पेटवली, भांडं चढवलं आणि दांडा फिरवला. तिसऱ्या फेऱ्याला चूल कलंडली, पीठ मातीत गेलं. सर दोन पावलं मागे सरकले. बिचारी तीच आमची माफी मागत राहिली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरात रोज रात्री मुद्दे होतात. मी स्वतः घोटते. आणि तीन वर्षं चुलीवर पाणी ठेवून ते उकळण्याची वाट बघत बसले! परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "चूक माझी. तक्ता मी बनवला." मी म्हटलं, "भरला मी."

मग आम्ही कामाला लागलो. वर्कशॉपमध्ये चुलीला तीन फाकलेले पाय जोडले, उंची कमी केली, वर भांडं पकडायला लोखंडी दात बसवले. रोज सकाळी मी पदर खोचून लॅबात मुद्दे घोटायची. पहिल्या दोन चुली मी आडव्या केल्या. तिसरी हलली नाही. त्या दुपारी सर, विद्यार्थी, सुरक्षारक्षक, सगळ्यांनी सारात बुडवून मुद्दे खाल्ले. सर म्हणाले, "मीठ स्वल्प कमी आहे." मी म्हटलं, तेही तक्त्यात घाला. मीठ नाही आलं, पण पाणी उकळण्याच्या ओळीखाली 'मुद्दे घोटणे' अशी नवी ओळ आली. ती माझी आहे. हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

नव्या चुली देऊन दोन महिने झाल्यावर पुन्हा त्याच घरी गेलो. आम्हाला बघून ती बाई धावत जाऊन चूल झाकत तिच्यापुढे उभी राहिली. मी तिला हळूच बाजूला केलं. कडं निळंकाळं पडलेलं, पायांवर वाळलेल्या पिठाचे ओघळ, एक दात घासून चकचकीत झालेला. कुंकवाचा मागमूस नाही. आणि मागची चुना दिलेली भिंत तशीच पांढरी.

"घाण झाली आहे हो," ती ओशाळून म्हणाली. "रोज दोन वेळा पेटते, घासायला सवडच नाही. थांबा, आत्ता पुसते."

तिनं फडकं उचललं. मी तिचा हात धरला. माझे डोळे भरून आले होते, आणि धुराचं निमित्त सांगायचीही सोय नव्हती.

"पुसू नका," मी म्हटलं. "सर, आता फोटो काढा."