जुन्या कूलरच्या पत्र्याचं कॅबिनेट

१९९६च्या मे महिन्यात, एका दुपारी, भिलाईतल्या आमच्या क्वार्टरमधला संगणक लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप होत असताना बंद पडला. वधूच्या वडिलांचं नाव टाइप झालं होतं, गावाचं नाव अर्ध्यावर होतं. माझ्या मोठ्या भावानं कॅबिनेटवर हात ठेवला आणि चटका बसताच उचलला.

ते कॅबिनेट बाबांनी बनवलं होतं.

भावानं नागपुरात कोर्स करताना सुटे भाग जमवून हा संगणक जोडला होता. बाजारातून घेतलेलं त्याचं कॅबिनेट पातळ पत्र्याचं होतं आणि बाजूंना फटी होत्या. आमच्याकडे दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर लाल धूळ बसायची, तीच त्या फटींतून आत जाई. हिवाळ्यात आतला पंखा अडकला तेव्हा बाबांनी झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि ते लाल बोट आईला दाखवलं. बाबा पोलाद कारखान्यात फिटर होते. त्यांच्या विभागात विजेचे स्विच लोखंडी पॅनेलमध्ये बंद असत आणि पॅनेलच्या दाराला रबराची पट्टी असे. दार लागलं की आत कण जात नसे. चांगली पेटी कशी असावी, याचं त्यांच्यापुढे तेवढं एकच उदाहरण होतं.

परसात एक जुना कूलर पडून होता. त्याच्या हवा आत घ्यायच्या झडपांच्या बाजू काढून त्यांनी भिंतीला टेकवल्या, कारण त्यांतून धूळ गेली असती. उरलेला सपाट पत्रा कापून, वाकवून, रिव्हेट ठोकून त्यांनी पेटी केली आणि झाकणाला चारही बाजूंनी रबर लावलं. तारांपुरती मागे भोकं ठेवली, तीही बुजवली. मशीनला हवा लागेल, असं भाऊ सांगत होता.

"आमच्या पॅनेलमंधी वर्षभर धूळ जात नाही," बाबा म्हणाले. "यात कावून जाईन?"

थंडीत मशीन चांगलं चाललं, तेव्हा वाद मिटल्यासारखा झाला. आईनं भिंतीला टेकवलेल्या झडपांवर दोडक्याचा वेल सोडला.

भावाला पुण्याच्या एका छापखान्यातून नोकरीसाठी विचारणा आली होती. त्यानं उत्तर दिलं नव्हतं. भिलाईतल्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका घरबसल्या टाइप करून मिळतात, एवढं लग्नसराईत लोकांना कळलं, तर आपण इथंच राहू, असं तो म्हणाला होता. बाबांनी त्यातला "तर" सोडून बाकीचं कारखान्यातल्या पाळीवरच्या सगळ्यांना सांगून टाकलं.

त्या दुपारनंतर मशीन रोज थांबू लागलं. झाकण काढून, समोर टेबलफॅन लावून पाहिलं. मग एका संध्याकाळी धुळीचं अंधड आलं, खिडकी लावेपर्यंत आत लाल थर बसला आणि ते सुरूच होईना. भावानं सगळे भाग ब्रशनं साफ केले. त्यात आठवडा गेला. लोकांनी मजकुराचे कागद परत मागितले आणि दुर्गच्या छापखान्यात दिले.

"मी वर्षाचे पापड बी इतके घट्ट नाही कोंबत," आई बाबांना म्हणाली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाबांनी दोडक्याचा वेल सोडवून बाजूला घेतला आणि झडपा धुतल्या. एक झडप पेटीच्या समोर खाली बसवली, तोंड जमिनीकडे करून, म्हणजे धूळ सरळ आत पडू नये. तिच्या आतून आईच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा ताणून लावला. दुसरी मागे वर बसवली आणि तिच्यामागे पंखा. गरम हवा वर जाते, तिला वरूनच वाट द्यायची, असं ते काम करता करता मला सांगत होते. मी स्क्रू धरून होते. भाऊ दारात उभा राहून पाहत होता.

जेवणानंतर, ऐन उन्हात, मशीन लावलं. बाबा पंख्यामागे तळहात धरून बसले. ऊन उतरलं तरी मशीन चालूच होतं. आम्ही चौघं एका घरात असलेला तो शेवटचा उन्हाळा, आणि त्यातली ही एक दुपार मला आवाजासकट आठवते: आत पंख्याची बारीक घरघर, खिडकीबाहेर नव्या कूलरची मोठी.

"आता चालून राहिलं ना?" बाबा म्हणाले. "मंग थांब ना."

भावानं थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं.

"मी पुण्याच्या त्याईले हो म्हणून बसलो, बाबा."

बाबांनी कधी, असं विचारलं. झाकण काढून साफसफाई चालली होती त्याच आठवड्यात, असं त्यानं सांगितलं. बाबांनी तळहात काढून मांडीवर ठेवला. मग वरचा एक स्क्रू सैल वाटला म्हणून तो आवळला.

निघायच्या आदल्या दिवशी मशीनचे भाग बाबांनीच काढले. भावानं ते चादरीत गुंडाळून पेटाऱ्यात भरले. कॅबिनेट गाडीत न्यायला जड होतं, ते राहिलं. दुर्ग स्टेशनवर आई आणि मी गेलो. बाबांची कारखान्यात पाळी होती.

पुढच्या रविवारी शेजारच्यांकडे भावाचा फोन आला. बाबा घ्यायला गेले आणि लवकर परतले. पुण्यात साधं बाजारातलं कॅबिनेट घेतलं, तिथं धूळ कमी आहे, मशीन त्यात बसलं आणि चालू आहे, एवढं त्यांनी आम्हाला सांगितलं.