गाडी कुठे उभी करायची

नाव: सेवापुस्तकात आहे, हाक मारायला कोणी वापरत नाही, सगळे नाना म्हणतात. पदनाम: वाहनचालक, फिरते गुप्तरोग तपासणी पथक. बांधा: मध्यम, पोटाकडे किंचित झुकता. ओळखीची खूण: उजव्या कानामागे पेन्सिल, तिचा उपयोग अद्याप निदर्शनास आलेला नाही. वर्तणूक: आज्ञाधारक. राजकीय मत: सेवाशर्तींनुसार नाही. वैद्यकीय ज्ञान: नाही, अपेक्षितही नाही. विशेष नोंद: संपूर्ण सेवेत वाहन कधीही चुकीच्या जागी उभे केलेले नाही.

या शेवटच्या नोंदीचा नानांना फार अभिमान होता. लग्नकार्यात कोणी कामाबद्दल विचारलं की गाडी कसली ते ते सांगत नसत, उभी कशी करतो तेवढं मात्र सविस्तर सांगत. नातेवाईक समजत, नाना रुग्णवाहिकेवर आहेत.

गाडी पांढरी होती, लांबट. आत एक खुर्ची, एक पडदा, एक छोटा फ्रीज आणि सिस्टर. शहरात गुप्तरोग वाढत चालल्याचं पालिकेच्या कानावर आलं तेव्हा सभागृहाने त्यांचा एकमताने निषेध केला होता. निषेधाचा रोगांवर काही परिणाम होईना, म्हणून मग ही गाडी घेतली.

घोटाळा असा झाला की गाडी जिथे उभी राही तिथे रुग्ण सापडत. प्रभाग तीनमध्ये ती महिनाभर उभी राहिली आणि साठेक माणसं निघाली. त्याआधी तिथे एकही रुग्ण नव्हता, कारण कोणी बघितलंच नव्हतं. विरोधी पक्षाने सभागृहात दोन नकाशे आणले. एक गाडीच्या मार्गाचा, एक रुग्णांचा. एकावर एक ठेवून ते उजेडात धरले, तर दोन्ही तंतोतंत जुळले. सत्ताधारी बाकं डगमगली.

आरोग्य समितीच्या सभापतीबाई मात्र डगमगल्या नाहीत. त्यांनी शून्य प्रभाग स्पर्धा काढली. ज्या प्रभागात एकही रुग्ण नाही त्याला चांदीच्या मुलाम्याची ढाल आणि बागेसाठी जादा निधी. त्या दिवसापासून सगळ्या नगरसेवकांना तपासणीचं महत्त्व पटलं, आणि ती दुसरीकडे व्हावी हेही पटलं. एकाच्या प्रभागात शाळा होती. दुसऱ्याकडे वाचनालय. तिसऱ्याकडे ज्येष्ठ नागरिक सकाळी फिरायला येत, त्यांच्या मनावर परिणाम झाला असता. गाडी अशी सरकत सरकत शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत जाऊन पोचली. खाण कुठल्याच प्रभागात येत नव्हती. रुग्णसंख्येत लक्षणीय घट झाली.

खरं सांगायचं तर नानांची काही तक्रार नव्हती. झाड होतं, सावली होती, मागेपुढे घेताना कोणी शिव्या देत नव्हतं. दुपारी सीट मागे करून ते झोपत. सिस्टर पडद्याआडून विचारी, "नाना, आज दगडच तपासून घेऊ का? तोंड तरी लपवणार नाहीत."

अशाच एका दुपारी लेकीचा फोन आला. लेक प्रभाग सातमध्ये राहायची. जावई बाहेरगावी पुलाच्या कामावर, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा. तिला पाचवा महिना होता. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं. कशाने गेलं ते कोणी विचारलं नव्हतं. यावेळी डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, जिना उतरायचा तोही गरजेपुरता.

"नाना, दवाखान्यात रक्त तपासायला सांगितलंय. त्यांच्याकडची किट संपली, सगळी तुमच्या गाडीत आहेत म्हणे. कुठे असते गाडी?"

"तुला काय करायचीय ती? तसल्या लोकांची आहे."

"तसल्या म्हणजे?"

तीन वर्षं ती गाडी चालवणारे नाना म्हणाले, "म्हणजे... बाहेरची माणसं."

"पोटुश्या सगळ्याच बायकांची ही तपासणी करतात, नाना. आईच्या रक्तात असलं आणि वेळेत कळलं नाही तर बाळाला होतं. नाहीतर बाळ जातंच." मग ती म्हणाली, "मागच्या वेळी केलीच नव्हती."

खाणीचा रस्ता म्हणजे खड्ड्यांच्या मध्येमध्ये डांबर. तिला इथे आणणं शक्य नव्हतं. नानांनी सिस्टरला विचारलं, एखादं किट पर्समध्ये टाकून घरी येता येईल का. सिस्टर म्हणाली, "आले असते हो. पण विरोधकांनी आरोप केला ना, आम्ही किट बाहेर विकतो म्हणून. आता किट गाडीबाहेर दिसलं की माझी नोकरी गेली. गाडी न्या, मी मागे बसलेलीच आहे."

गाडी न्यायला नगरसेवकाची परवानगी लागे. दुसऱ्या दिवशी नाना प्रभाग सातच्या कार्यालयात गेले. स्पर्धेत मिळालेली ढाल टेबलाच्या मधोमध होती, त्यामुळे नगरसेवकांचा चेहरा नाकाच्या वरच तेवढा दिसत होता.

"या नाना. खाणीत बरं चाललंय ना?"

"हो साहेब. एक विनंती होती. अर्धा तास गाडी आपल्या प्रभागात आणू द्या. एक बाई आहे, पोटुशी. हालता येत नाही तिला."

"कसली बाई?"

"बाई. म्हणजे घरंदाज. सरळ."

"सरळ बाईला ही गाडी कशाला लागेल? आणि लागत असेल तर ती आमच्या प्रभागातली नाही. आमच्याकडे शून्य आहे."

"पण साहेब, न तपासता..."

"न तपासता शून्य आणलं, त्याचंच तर कौतुक आहे नाना. तपासून कोणीही आणेल."

ती माझी लेक आहे, हे नानांच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. घरंदाज आणि सरळ हे शब्द आपणच आधी काढले, हे त्यांना जिना उतरताना आठवलं. घरी जाऊन ते जेवले नाहीत. बायकोने विचारलं तर म्हणाले, पोट बिघडलंय.

त्याच आठवड्यात गाडी दुरुस्तीला न्यायची होती. वर्कशॉपकडे सरळ हमरस्ता जात होता. नानांनी हमरस्ता सोडला, प्रभाग सातमध्ये शिरले आणि लेकीच्या इमारतीखाली ऐन वळणावर गाडी आडवी लावली. खाली उतरून बॉनेट उघडलं, एक तार उपसली आणि मोठ्याने म्हणाले, "बंद पडली."

लेक कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आली आणि पडद्यामागे गेली. तेवढ्यात इमारतीतल्या बायका जमल्या. तळमजल्यावरच्या शिंपिणीने विचारलं, "आत काय असतं हो?"

"रक्त तपासतात," सिस्टर आतूनच म्हणाली. "पैसे पडत नाहीत, नाव विचारत नाही."

"मग नवऱ्यालाही हाक मारते. फुकट म्हटलं की येतोच तो."

रांग लागली. पंधरावीस मिनिटं झाली तशी ते तार परत लावायला वाकले, तोच पडदा सरला.

"राहू द्या नाना. लावू नका एवढ्यात."

"का?"

"सुई द्यायचीय हिला. आठवड्याला एक, अशा तीन. त्यानंतर अर्धा तास इथेच बसवायचंय."

नाना तार हातात धरून उभेच राहिले. एवढं वैद्यकीय ज्ञान त्यांनाही होतं.

सुई घेऊन लेक पुढच्या सीटवर येऊन बसली. दोघंही समोरच्या काचेतून बघत होते. काचेपलीकडे उघड्या बॉनेटशिवाय काही दिसत नव्हतं.

"यांना मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलू नका."

"नाही बोलत."

"आईलाही नको."

"नाही."

"म्हणजे मी आता तसली झाले का, नाना?"

नानांनी वाकून तिच्या बाजूची काच वर केली, धूळ येत होती. "गप बस," ते म्हणाले. "हालू नको सांगितलंय सिस्टरने."

खबर लागताच नगरसेवक निघाले. चालण्यावरूनच कळत होतं की कोणाची तरी नोकरी जाणार. मग त्यांना रांग दिसली. रांगेत सगळे मतदार होते. त्यांची चाल वाटेतच बदलली.

"काय हे नाना, लोकांना उन्हात उभं केलंत? मी तर सांगितलं होतं, गाडी थेट दारापर्यंत न्या." फोटोवालाही आला. गाडी आपल्या विनंतीवरून आली असून पुढचे तीन आठवडे इथेच राहील, असं नगरसेवकांनी दिलदारपणे जाहीर केलं. उरलेल्या दोन सुया लेकीला त्यातच मिळाल्या. जावईही आला, टोपी डोळ्यांवर ओढून रांगेत शेवटी उभा राहिला. नानांनी त्याला पाणी विचारलं. आणखी काही विचारलं नाही.

महिनाअखेर आकडे आले. प्रभाग सात: एकोणीस. ढाल परत न्यायला माणूस आला, आणि नगरसेवकांनी तक्रार दिली की ही गाडी आपण कधीच बोलावली नव्हती. चौकशी समिती बसली. तिने उपसलेली तार पाहिली, नकाशे पुन्हा उजेडात धरले आणि निष्कर्ष काढला: "सदर वाहनचालकाने वाहन अनधिकृत जागी उभे करून शून्य रुग्ण असलेल्या प्रभागात एकोणीस रुग्ण निर्माण केले. सबब एक वेतनवाढ रोखण्यात येत असून त्यांची बदली पाण्याच्या टँकरवर करण्यात येत आहे." टँकर कुठल्याही प्रभागात उभा केला तरी चालतो.

गाडी खाणीत परत गेली. पुढच्याच महिन्यात रुग्णसंख्येत पुन्हा लक्षणीय घट झाली आणि सभापतीबाईंनी सर्व संबंधितांचे अभिनंदन केले.

लेकीला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. बाळाला काही झालेलं नाही.